बहात्तर तास

सीलर आधी दगडाला पाजायचं, ग्राउट मागाहून.
डेलला हे तीनदा सांगितलंय.
चकाकती फरशी कोडगी असते,
काहीही फासा, पुसलं की गेलं.
दगडाचं तसं नाही. तो सगळं आत घेतो
आणि मग आयुष्यभर दाखवत बसतो.

हे दगड ऑर्वोचे.
चौतीस वर्षं थंडर बेच्या धान्यकोठारात पोती मोजली,
आणि रविवारी सुपीरियरच्या काठाने
मान खाली घालून चालला.
आइनी म्हणते, चर्चमध्ये इतका वाकला नाही कधी.
कॉफीचे अकरा डबे भरलेत तळघरात:
काळेभोर, कलेजीच्या रंगाचे,
एक हिरवट, मधोमध पांढरी रेघ असलेला.

आता डावा पाय टबच्या कठड्यावरून जात नाही.
म्हणून टब फोडला, जमिनीला उतार दिला,
आणि भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर
त्याच्या गोट्यांचा पट्टा.
कोणता कुणाशेजारी, ते त्यानेच ठरवलं
जेवणाच्या टेबलावर, उजव्या हाताने.
डावा मांडीवर पडून होता,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

बादलीत आधी पाणी, मग पावडर.
लोण्याइतकं घट्ट झालं की दहा मिनिटं
त्याला एकटं सोडायचं.
पुन्हा ढवळायचं, पण पाण्याचा थेंब वाढवायचा नाही,
कितीही हात शिवशिवले तरी.
रबरी थापी तिरकी ओढायची;
फटीच्या रेषेत ओढलीस
तर भरलेलंच उकरून आणशील, डेल.
स्पंज पिळ. अजून पिळ.

कोपरे रिकामे ठेवायचे. तिथे नंतर सिलिकॉन.
जानेवारीत उणे तीस, जुलैत घामाच्या धारा,
लाकडाचं घर आखडतं, सैलावतं,
आणि ज्याला वाकता येत नाही
ते नेमकं कोपऱ्यात तडकतं.
"माझ्यासारखं," दारातून ऑर्वो म्हणाला,
ओठाच्या एकाच बाजूने.
मी थापी धूत राहिले.

दारावर चिकटपट्टी लावली: बहात्तर तास पाणी नाही.
खाली आइनीने तेच फिनिशमध्ये लिहिलं,
दोनदा अधोरेखित.
तोवर आंघोळ शेजारच्या सौनात,
दोघांनी दोन बगलांत धरून.

चौथ्या सकाळी सीलरचा डबा घेऊन आले
तर सगळं ग्राउट फिकं, राखाडी, वाळलेलं,
आणि नळाखाली मात्र गडद.
कुठेतरी पाणी मुरत होतं.
डेल म्हणाला, भिंत उघडावी लागणार.
आइनीने प्लंबरचा नंबर शोधायला घेतला,
"साइमा, पाइप फुटला का गं?"

ऑर्वो खिडकीपाशी बसला होता.
शर्टाचं एक बटण चुकलेलं,
केस मागे विंचरलेले,
कानामागे साबणाचा पांढरा कण.
हीटरमागे कोंबलेला टॉवेल मी पाहिला,
आणि मी पाहिला हे त्याने.

"हवा दमट आहे," मी म्हणाले.
उणे सत्तावीसमध्ये दमट!
डेलचं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.
"पंखा लावते. एक दिवस जास्त जाईल."
ऑर्वोने चहाच्या कपात पाहिलं,
बराच वेळ,
जणू तिथेही काही वेचण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी कोपरे भरले, सीलरचे दोन हात दिले.
संध्याकाळी थेंब टाकून पाहिला:
हिरवट दगडावर गोल बसून राहिला,
पालथ्या घड्यावर बसावा तसा.
पट्ट्याच्या वर मात्र, दोन फरश्यांमधल्या फटीत,
एक पांढुरका डाग राहिलाच, तळहाताएवढा,
माणूस तोल सावरायला हात टेकवेल
बरोबर तिथे.

डेल ब्रश घेऊन आला. "घासू?"
राहू दे, ते मुरलंय.
बादल्या उचल. गाडी चालू कर जाऊन,
काच गोठली असेल.