बोट

पहाटे सव्वापाचला फोन थरथरला :
वाऱ्याचा जोर नऊ, आज बोट नाही.
एर्लंड कूस बदलून म्हणाला, "मग आधी गुरांकडे जातो,"
आणि पुन्हा झोपला.
मी उठले.
दारात केतकीची बॅग कालपासून उभी,
चेन लावून, निघायच्या बेतातल्या पाहुण्यासारखी.

बारा पूर्ण झाली की बेटावरची शाळा संपते.
शाळा म्हणजे तरी काय, सहा मुलं, एक बाई,
आणि खिडकीतून डोकावणारी शेजाऱ्यांची मेंढी.
पुढचं सगळं कर्कवॉलला, हॉस्टेलात.
सोमवारी जायचं, शुक्रवारी यायचं,
मध्ये समुद्र.

मी जालन्याची.
समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर,
डेकच्या कठड्यावर ओणवी होऊन, पोट रिकामं करताना.
आमच्याकडे आठवड्याला टँकर यायचा,
आला तर.
इथे पाणीच पाणी, आणि त्यानंच वाट अडवलेली.
वाट बघणं तेवढं माहेरचं.

"आज बोट नाही गं," मी तिला उठवलं,
आवाजात जरा जास्तच वाईट वाटवून.
तिनं उशी फेकली.
आज नाटकाची तालीम होती, आज रोनाच्या खोलीत पिझ्झा होता,
आज सगळंच होतं,
आणि ते सगळं तिकडे.
मी पोहे टाकले. शेवटचे.
मार्चपर्यंत पुरवायचे होते खरं तर.

दिवसभर वाऱ्यानं घर गदागदा हलवलं.
वीज दोनदा गेली.
केतकीनं कोंबड्यांचं खुराडं दोरानं बांधलं, रागारागानं,
गाठी मात्र थेट बापाच्या :
घट्ट, आणि एका हिसक्यात सुटणाऱ्या.
दुकानात पाव नाही, कारण पावही बोटीनंच येतो.
विल्मिनाबाईंनी अर्धा पाठवला, जाताना चार अंडी नेली.
हिशेब इथे कुणी लिहीत नाही.
विसरतही कुणी नाही.

संध्याकाळी सासूबाई आल्या, टॉर्च घेऊन, वाऱ्यात वाकून.
गमबूट दारात, मोजे शेगडीच्या दांडीवर.
इंगा त्यांचं नाव. मी "अहो इंगा" म्हणते,
आणि चौदा वर्षं त्यांना वाटतंय
अहो हा नावाचाच भाग आहे.
पीटचं एक ढेकूळ आगीत सरकवून म्हणाल्या,
"मीही बाराव्या वर्षीच गेले.
कपडे घरून धुऊन यायचे, पुठ्ठ्याच्या पेटीत, आगबोटीनं.
पेटी उघडली की हा असा धुराचा वास.
मुली नाक दाबायच्या.
मी सगळं पुन्हा धुवायचे, रात्री, गार पाण्यात."
केतकी फोनमधून मान वर न काढता म्हणाली,
"मीपण धुते."

कुणी काही बोललं नाही.
एर्लंडनं कुत्र्याच्या पंजात काटा शोधला,
नव्हताच तो.
मी हळूच माझ्या बाहीचा वास घेतला.
धूर असेल, मेंढी असेल, हिंग तर असणारच.
मला काहीच येईना.

मंगळवारी समुद्र असा सपाट,
जणू त्यानं कधी कुणाला काही केलंच नाही.
धक्क्यावर सिगर्डनं दोर टाकला,
"कालची सुट्टी मस्त गेली ना?" म्हणाला.
"बोअर," ती म्हणाली.
याच धक्क्यावर माझं बोट धरून उभी राहायची,
वारा उचलून नेईल म्हणून मीही घट्ट धरायची.
आता धरते ती ही बोट.
हात हलवला तिनं, एकदा,
मग रोनाशी फोन.

घरी आले. दोरीवर कपडे घातले,
एकेका कपड्याला तीन चिमटे.
तिचा राखाडी स्वेटर धुवायचा राहिलेला, तो शोधला.
खुंटीवर नाही, टोपलीत नाही, पलंगाखाली नाही.
तसाच घालून गेली बहुतेक,
न धुताच.

किंवा कुत्रा झोपला असेल त्यावर.
बघते.