सापडल्याचं ठिकाण

तेरणेकाठी, शाळेमागच्या पांढरीत
मी चौकोनी दोरी बांधली,
म्हणाले, वरचं अलीकडचं, खालचं जुनं.
"कणगीत पण तसंच की, बाई,"
मागून कुणी तरी बोललं.

मग ब्रशनं, चमच्यानं, फुंकरीनं
गुटख्याची पुडी, सायकलची साखळी,
आणि हातभर खाली एक खापरी,
काठावर कुंभाराचं बोट उमटलेलं.
"असल्याच ठिकरीनं खेळतो आम्ही!"
दैवशाला ओरडली.
दोन हजार वर्षं
एका पायावर लंगडी घालत होती.

शेवंता राठोड गप्प.
दिवाळीनंतर ती शाळेत नसते,
कोयत्यामागं जाते,
कधी साताऱ्याकडं, कधी पार कर्नाटकात.
सगळे गेल्यावर म्हणाली,
"आमची चूल दरसाल नव्या फडात.
आम्ही कुठल्या थरात घावणार, बाई?"

पुस्तकातलं काही आठवेना.
म्हटलं, राख राहते.
चुलीचे तीन दगड काळे राहतात.

तिनं पिशवीला बांधायची
एक कोरी चिठ्ठी मागून घेतली.
"सापडल्याचं ठिकाण" याच्यापुढं
फडांच्या गावांची नावं लिहीत गेली,
मग चिठ्ठी उलटी करून
मागच्या बाजूलाही.