हातचा

गुरुवारी संध्याकाळी रुवीच्या ऑफिसात
एसीचं पाणी बादलीत पडत राहतं
आणि मी एका फाइलीला तिसऱ्यांदा बजावते,
जशी निघालीस तशीच पोच, बाई.

आधी ती हुदाकडे होती, एसपीएसएसमध्ये.
मग वज्दींकडे कैरोला गेली, सॅसमध्ये.
आता मला हवी स्टेटात.
दोन हजार तीनशे अकरा माणसं,
रुसैल, घाला, मिस्फा इथल्या बांधकामांवरची.
प्रश्न चौऱ्याऐंशी. विषय: ऊन.

ही पॅकेजं एका पंगतीत जेवणारी नाहीत.
एक काळ मोजतं पंधराशे ब्याऐंशीपासून, सेकंदांनी,
दुसरं एकोणीसशे साठपासून, दिवसांनी.
काल सेकंदांना दिवस समजून बसले.
कागदावर हिशोब केला तर
जूनमधल्या मुलाखती झाल्या होत्या
तीन कोटी ऐंशी लाख वर्षांनंतरच्या जूनमध्ये.
हुदा म्हणाली, तेव्हाही साडेबारा ते साडेतीन
काम बंदच ठेवा म्हणावं.

कॉलमच्या नावाला आठच अक्षरं,
म्हणून वॉटरब्रेकचं झालं वॉटरब्रे.
त्याखाली एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही,
तीन म्हणजे ‘मुकादमाला विचारा’.
ही लेबलं वाटेत कुठेतरी गळली.
आता नुसता तीन.
सहाशे बारा जणांपुढे नुसता तीन.

आणि शून्य चार एक सात.
त्याचं पुढचं शून्य पहिल्याच सीमेवर गेलं.
त्याला स्वतःचं वय ठाऊक नव्हतं.
हुदाने लिहिलं नऊशे नव्व्याण्णव,
आणि बजावून ठेवलं की हा आकडा नाही.
वज्दींनी त्याचं टिंब केलं.

सॅसमध्ये टिंब सगळ्यात लहान,
उणे आकड्यांच्याही खाली.
वज्दींच्या तक्त्यात तो पंचविशीच्या आतला.
माझ्याकडे तेच टिंब सगळ्यात मोठं.
साठीच्या वरचे किती, विचारलं
की तो आधी उभा.
खिजगणतीत नसणारी माणसं ऐकली होती.
हा गणतीत आहे,
दोन्हीकडे,
दोन्हीकडे चुकीच्या रांगेत.

मालवणच्या शाळेत बाई बेरजेला म्हणायच्या,
पाचाला पाच, हातचा एक, धर, विसरशील.
तो कुठे लिहायचा नसे,
पुढच्या घरात जाईस्तोवर
बोट मुडपून ठेवायचं.

शेवटचा कॉलम शेऱ्यांचा.
नर्स ओल्गा डाबरे वसईची.
कोण वाचतंय म्हणून
शेरे सरळ मराठीत लिहायची.
वज्दींच्या फाइलीत एका शेऱ्याला दोनशे बाइट,
आणि आपलं एकेक अक्षर, एकेक काना
तीन-तीन घरं अडवून बसतो.
चारशे सतरापुढे उरलं ते एवढंच:

वय ठाऊक नाही. दोनदा चक्कर.
सांगितलं नाही, पगार कापतात.
शेवटी मला म्हणाला तू पा

तू पा.
पाहा? पाठव? पाया पडतो?
हुदाची मूळ फाइल ज्या लॅपटॉपवर होती
तो गेल्या वर्षीच गेला.
मी सॅसला पुन्हा विचारलं. सॅसकडे तेवढंच होतं,
आणि त्याला काही तुटल्याची जाणीवच नव्हती.

तळघरात खोकी. वॉचमनने लोबान लावलेला.
नवव्या खोक्यात, स्टेपलरच्या गंजाचे डाग पडलेला,
सापडला तो फॉर्म, शून्यासकट.
ओल्गाचं अक्षर घामाने जरा फुगलेलं:
तू पाणी प्यालीस का सकाळपासून?

चौऱ्याऐंशी प्रश्न आमचे.
हा पंच्याऐंशीवा. याला कॉलम नाही.

वर येऊन मी एक ओळ लिहिली:
वय टिंब असेल तर साठीच्या वर धरू नये.
चालवली. तक्ता एकाने कमी झाला.
ताळा जमला, वज्दींना मेल केला.
बादली भरली होती, ओतून आले.

फॉर्म परत खाली ठेवायचा होता.
अजून ड्रॉवरमध्ये आहे.