तळघरातला रवा

रुकडीच्या आमच्या गुऱ्हाळावर त्या हंगामात
ओदिल आली. सत्तरीची, पायांत गुडघ्यापर्यंत बूट.
फ्रान्समधल्या कुठल्याशा नदीकाठी
तिच्या घरच्यांचे द्राक्षमळे, अकरा पिढ्यांची वाइन.
गाडीतून उतरली ती कुणाशी बोललीच नाही,
वाकून ढेकूळ उचललं,
फोडलं, हुंगलं,
कणभर जिभेवर ठेवलं.
अप्पा चुलवाणापासून बघत होते.
मला म्हणाले, "बाई कामाची हाय."

मी दुभाषी. तिचं इंग्रजी मोडकं, माझं घाबरलेलं.
नदीकडचा ऊस आणि माळावरचा,
रस एकत्र करता का, तिनं विचारलं.
अप्पांनी कानाला हात लावला.
मळीच्या रानाचा गूळ पिवळा, रवाळ,
माळावरचा बोअरचं पाणी प्यालेला, खारट,
ज्याचं त्याचं आदण वेगळं.
ती हसली. आमच्यात ह्याला शब्द आहे, म्हणाली.
अप्पांनी तो गरम घासासारखा
तोंडात दोनदा फिरवला आणि सोडून दिला.
"आमी नुस्तं रान म्हंतो."

काहील चढली. भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली.
तिच्या खिशात तापमापक होता.
अप्पांनी वाटीतल्या पाण्यात थेंब सोडला,
चिमटीत गोळी वळली, काहिलीच्या काठावर मारली:
टण्.
"उतरवा."
तापमापक खिशातच राहिला.

सूर्य बुडायच्या आत जेवलो. आम्ही जैन,
चातुर्मासात कांद्यालाही शिवत नाही.
जाताना तिनं मफलरीत गुंडाळलेली बाटली दिली:
नवऱ्याच्या हातची शेवटची वाइन.
मी अप्पांकडे पाहिलं.
"घामाचं हाय. परत कसं करायचं?"
पण घरात नाही. इंजिनाच्या खोलीत, ग्रीसच्या डब्यामागं.
बदल्यात एक किलोचा रवा दिला, केळीच्या पानात.

अधूनमधून बाटली काढायचे, लेबलवर बोट फिरवायचे.
"हिथं त्येचं नाव हाय?"
हो.
"आन् ही साल?"
हो.
"म्हंजी वळख ना पाळख, त्यो पिणारा नाव वाचून पितो?"
हो, अप्पा.
मग बराच वेळ इंजिनाचा पट्टा तपासत बसले.

चाळीस हंगाम. शाहूपुरीत सौदा,
रव्यावर अडत्याचा शिक्का.
पुढं गुजरातेत तो 'कोल्हापुरी' म्हणून विकायचा,
शहराचं नाव लागायचं, वाईट काहीच नव्हतं त्यात.
फक्त तवनाप्पा भूपाल चौगुले
असं कुठल्याच रव्यानं कधी म्हटलं नाही.

वर्षानं फोटो आला. दगडी तळघर,
लाकडी पिंपांची रांग, कोपऱ्यात कोनाडा,
कोनाड्यात आमचा रवा, काळा पडलेला,
आणि पुठ्ठ्यावर तिरक्या अक्षरात, एक 'प' गाळून:
तवनापा. रुकडी. खाली साल.
अप्पांनी फोन लांब धरला, जवळ धरला.
"खालचं काय ल्हिलंय?" "साल." "आन् वरचं?"
वरचं त्यांना समजलं होतं. तरी मी वाचलं.
"जुना गूळ औषदी," एवढंच म्हणाले.
"तिला कळीव, खोकल्याला चालंल."

त्याच पावसाळ्यात पंचगंगा गुऱ्हाळात आली,
सहा दिवस राहिली.
पाणी उतरल्यावर बाटली सापडली गाळात,
बूच शाबूत, काच शाबूत,
लेबल कुठंच नाही.
अप्पांनी सदऱ्याच्या टोकानं पुसली, उजेडात धरली.
आत तांबडं काहीतरी हललं.
"कंची साल हुती गं?"
मला आठवेना.
इतक्यांदा वाचून दाखवलेलं, आणि आठवेना.
"मग पत्र घाल तिला. इचार,"
म्हणाले, आणि बाटली माझ्या हातात देऊन
चुलवाणातला चिखल उपसायला
खाली उतरले.