वीस मिनिटांनंतर

पंधरा शब्द वाचते मी, सेकंदाला एक,
आवाजात चढउतार न आणता :
दोरी, चमचा, पूल, बिस्कीट, घोडा...
ड्युगल डोळे मिटून ऐकतो.
मेंढ्या कातरून कातरून हात लोकरीच्या तेलाने मऊ,
पाठ मात्र कामातून गेलेली.
वय अडतीस. ही त्याची सहावी तपासणी.
पर्थहून आलाय, विमानाचं तिकीट आम्हीच काढलं.

मधली वीस मिनिटं इतर कामांची.
नळीत फुंक, आणखी, आणखी, सोडू नकोस...
तो खोकतो, मग हसतो : "सिगारेट नाही हां. फक्त गांजा."
गेल्या वर्षी किती दिवस?
"पाठ दुखते तेव्हा."
पाठ किती दिवस दुखते?
"रोज."
झोप? "त्याच्याशिवाय? नकोच विचारू."
रकाना भरायचा असतो. मी विचारते.

फायलीत त्याच्या पुढचा क्रमांक लॅक्लनचा,
अकरा मिनिटांनी धाकटा.
पंधराव्या वर्षी दोघांनी एकाच दिवशी सुरुवात केली
ओमारूच्या बंदरावर, दगडी गोदामामागे, एकाच कागदातून.
एकोणिसाव्या वर्षी लॅक्लनशी बंद रेडिओ बोलू लागला.
ड्युगलशी कधीच काही बोललं नाही.

मोराग, त्यांची आई, खाली गाडीतच बसते दर वेळी.
एकदा मला म्हणाली,
"त्यानेच ना? हो की नाही, एवढंच सांग."
मी शिकवलेलं सांगितलं :
धोका वाढतो, कोवळ्या वयात जास्त,
माल जहाल असेल तर आणखी;
बहुतेकांना मात्र काही होत नाही;
काहींच्या रक्तातच असतं,
काहींना आजाराची चाहूलच धुराकडे नेते.
कावळा बसला आणि फांदी मोडली, इतकं सोपं असतं तर!
या किनाऱ्यावर तर कावळेही नाहीत.
सीगल बसतात. फांद्या वाऱ्याने मोडतात,
काही आधीच पोखरलेल्या असतात.
हजार ठिपक्यांची रेघ चढताना दिसते, मोराग,
तुझा मुलगा एक ठिपका आहे.
हे शेवटचं मी बोलायला नको होतं.
तिने काच वर केली.

वीस मिनिटं झाली. आठवतील तेवढे सांग.
"दोरी. पूल. घोडा... बिस्कीट."
थांबतो. खिडकीकडे बघतो.
"रेडिओ."

रेडिओ यादीत नव्हता.
चुकीच्या शब्दांना वेगळी जागा आहे. मी लिहिते.
चार बरोबर, एक जास्तीचा. मागे अकरा होते.
त्यात वय किती, विमानातलं जागरण किती, धूर किती,
ते वेगळं काढणारे वरच्या मजल्यावर बसतात.

संध्याकाळी धक्क्यावर मी पेंग्विन मोजते, हौसेने.
समुद्रातून घोळक्याने येतात, ठेचकाळत, बिळांकडे.
काल एकशे बारा, आज एकशे आठ.
चौघांचं काय झालं ते लिहायला वहीत रकानाच नाही.

तेवढ्यात मोरागची गाडी हळू होते.
काचेतून ड्युगल अर्धा बाहेर, लहान मुलासारखा :
"चमचा! चमचा होता ना?"

होता.
मी मान हलवते.
वेळ कधीच संपलेली.