अकरा जणांची पंगत

एकत्र बसायला इथे कुणालाच सवड नाही.
अलाझानीच्या काठी द्राक्षं उतरवायचे दिवस आहेत.
म्हणून एकेक जण येतो, जमेल तसा,
बुटांना चिकटलेल्या चोथ्यासकट,
आणि मी त्याला त्याच एका बाकावर बसवते,
खिडकी डाव्या हाताला.

आंब्रोसी आला तेव्हा आभाळ भरलेलं.
मार्किनेता आली परवा, लख्ख उन्हात, घामेजून.
चित्रात दोघांमध्ये वीतभर अंतर,
पण उजेड दोन दिवसांचा.
तो एक करायचा, एवढंच काय ते काम.
नाकीडोळी हात आपोआप काढतो.

आधी कोळसा. मग तपकिरी, टर्पेंटाइनने पातळ केलेला.
कातडीच्या जागी हिरवट मातीचा थर.
पेलागिया म्हणाली, मढ्यासारखी दिसतेय मी.
म्हटलं, आठ दिवस थांब, आधी हे वाळू दे,
रक्त शेवटी येतं.
तिने छातीवर क्रूस काढला.

इयासोन आणि झेबेदे,
पाटाच्या पाण्यावरून एकोणीस वर्षं अबोला.
एक मंगळवारी बसला, दुसरा शुक्रवारी.
पण रोट्यांच्या टोपलीमागे एक काळोखी भेग राहत होती,
ती बुजवायला
याचं कोपर त्याच्या बाहीला टेकवावं लागलं.
कोपराची सावली बाहीवर पडायला हवी.
तीनदा खरवडली.
चौथ्यांदा किंचित निळा मिसळला, तेव्हा बसली.

अकरावी जागा नूत्साच्या लेकाची.
तो पोलंडमध्ये, कोंबड्यांच्या कारखान्यात.
तिच्या फोनमधल्या फोटोत उजेड सगळीकडून येतो,
म्हणजे कुठूनच नाही.
शेवटी ती त्याचा कोट घेऊन आली,
आम्ही तो मेंढक्याच्या पोराला चढवला.
खांदे भरेनात.
मी ते तसेच रंगवले, सैल,
आणि चेहरा वळवला दाराकडे,
कुणी हाक मारल्यासारखा.
नूत्सा काही बोलली नाही. कोट घडी करून नेला.

चित्र शाळेत लागलं.
जो तो आधी स्वतःला शोधायचा, मग नाक मुरडायचा.
झेबेदे बराच वेळ उभा राहिला.
म्हणाला, माझी बाही इतकी मळकी नव्हती.
दुसऱ्या दिवशी तोच सदरा धुऊन घेऊन आला, पुरावा म्हणून,
उजेडात धरून दाखवला.

मळ नव्हताच तो.
इयासोनची सावली होती.
मी म्हटलं, बघते,
आणि ब्रश धुवायला घेतले.