सकाळी लाल कोट

मे महिन्यात आम्ही नोव्हेंबरची लढाई केली.
बर्डीचा खरा किल्ला फौजेकडे,
वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो,
म्हणून कोराडीच्या बाजूला एका मुरमाड टेकाडावर
थर्माकोलचा बुरूज उभा केला
आणि त्यालाच सीताबर्डी म्हणायचं ठरलं.
पारा सेहेचाळीस. रोजी सातशे. तर्री-पोहे त्यांचे.

सकाळी लाल कोट.
डोईफोडे सुपरवायझरनं पहिल्या रांगेतले दहा जण
पावडर फासून गोरे केले,
बाकीच्यांना तसंच ठेवलं.
"तवाही असंच होतं बे," म्हणाला,
"कोटातले बहुतेक आपल्यासारखेच,
दूर मद्रासकडून आणलेले, पगारावर."
शफीक अन्सारीनं बंदूक खांद्यावर घेतली.
"मंग जेवन तं त्यायले बी भेटत असन."

मी बाही चिमटीत धरून पाहिली.
बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा,
सूत बोटांना आपोआप कळतं.
पॉलिस्टर. सुरतचं.
हे आमच्या गल्लीवर चालून आलं
तेव्हा नगारा वाजला नव्हता.
गठ्ठ्यात आलं, पावतीसकट,
आणि हातगाडीवरून उतरवून घ्यायला
बापच गेला,
दोन रुपये गठ्ठा.

जेवणानंतर फेटे.
तोच घाम, तेच सोललेले गुडघे,
फक्त आता टेकडी आपली.
दिग्दर्शक भोंग्यातून ओरडत होता
की मारताना जो जोर होता
तो मरताना कुठे जातो तुमचा?
गुलाब नंदनवार सहा वेळा मेला.
सातव्यांदा असा मेला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मग कळलं, ऊन लागलंय.
तळपायाला कांदा ठेचून लावला,
डोळे उघडून त्यानं पहिलं विचारलं,
"ओके झाला का शॉट?"

मागे वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत होत्या.
कॉम्प्युटरवर पुसू, कॅमेरावाला म्हणाला.
आणि ते खालचं गाव?
तेही.
टेकाडाखाली एक बाई गोवऱ्या थापत होती,
तिनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं,
पुन्हा थापायला लागली.

दिवाळीत सिनेमा आला.
चारूला घेऊन गेलो, पंख्याखालची खुर्ची पाहून बसलो.
मध्यंतरानंतर अठरा सेकंद मी आहे.
लाल कोटातला मी गुडघा टेकून नेम धरतो.
धूर.
फेट्यातला मी छाती धरून घरंगळतो.
थेटरात शिट्ट्या पडल्या, कोणीतरी चिल्लर उधळली.
एवढ्या लोकांत कोणालाच दिसलं नाही.
चारूनं माझा हात घट्ट धरला होता.
"बाबा, तुमीच तुमाले मारलं?"
"हो."
"काऊन?"
मी म्हणालो, दोन्हीचे मिळून सातशेच होते.
ती हसली नाही.

घरी टीव्ही चालू होता.
कुठलंसं दूरचं शहर, नाव वाचेपर्यंत पट्टी सरकली.
रणगाडे एका साध्या रस्त्यावरून जात होते,
सज्जात कोणाच्या तरी चादरी वाळत होत्या,
त्या काढायला कोणी आलं नाही.
एक पोरगा, वीसेक वर्षांचा,
रणगाड्यावर बसून डब्यातलं काहीतरी खात होता.
"हे तरी खरं आहे का?" चारूनं विचारलं.

खरं, म्हणायला हवं होतं.
मी त्याच्या बाहीकडे पाहत राहिलो.
कोणत्या सुताची असेल, कोणी शिवली असेल,
आणि याचा डबा संपला
की दुपारी याला कोट बदलायला
कोणी सांगेल का.